मध्यावरचे नागपूर आणि दूरगामी विमान

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, या एका भौगोलिक सत्यावर विदर्भाच्या विमानविषयक आशा गेली पाऊणशे वर्षे पोसल्या गेल्या, आणि ती आशा एकदा फळाला आली होती हेही मान्य केले पाहिजे. 1949 साली रात्रीच्या विमानटपालाची योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या मुक्कामी परतत. चार शहरे परस्परांशी जोडण्यास तो एकच तळ पुरत असे, म्हणून त्याला मोल होते. पुढे ‘मिहान’ या विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पाची तजवीज झाली तीही याच मध्यवर्तित्वाच्या भरवशावर, परंतु दरम्यानच्या काळात विमानांचा पल्ला एवढा वाढला की वाटेतल्या मुक्कामाची गरजच उरली नाही, ही गोष्ट आपल्या पुढाऱ्यांच्या भाषणांत अद्याप उतरलेली दिसत नाही.

एअर इंडियाने मे 1960 मध्ये बोइंग 707 विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती लंडनमार्गे, आणि 18 एप्रिल 1971 रोजी ‘सम्राट अशोक’ हे तिचे पहिले जंबो जेट मुंबईस उतरले. आज भारतातून उत्तर अमेरिकेला विमान न थांबता जाऊ शकते. अटलांटिक ओलांडण्यापूर्वी इंधन भरण्यासाठी ज्या गँडर नावाच्या कॅनडातील गावी एके काळी जगातील विमानांची रीघ लागे, तेथील विमानतळ जेट विमानांचा पल्ला वाढताच ओस पडला. नागपूरकरांनी अभ्यासावा असा हा दाखला आहे.

पल्ला वाढविणे म्हणजे मुख्यतः इंधन वाहणे. जंबोच्या 747-400 या प्रकाराच्या टाक्यांत सुमारे 2,16,000 लिटर इंधन मावते. त्याचे वजन आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या सायडिंगवर कोळशाने भरलेल्या तीन वाघिणींच्या कोळशाइतके भरेल, आणि त्यातील बराच भाग उरलेले इंधन उचलून नेण्यातच जळतो. चार इंजिनांच्या प्रचंड विमानांचा अस्त या हिशेबाने झाला. 2007 साली सेवेत आलेल्या दुमजली ए-380 ची निर्मिती 251 विमानांवर थांबून 2021 मध्ये शेवटचे विमान गिऱ्हाइकाच्या स्वाधीन झाले, तर 747 चे अखेरचे विमान जानेवारी 2023 मध्ये गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेले. त्यांची जागा 777, 787 आणि ए-350 या दोन इंजिनांच्या विमानांनी घेतली. 777 च्या नव्या अवताराचे पहिले उड्डाण जानेवारी 2020 मध्ये झाले खरे, पण तो प्रवाशांच्या सेवेत येण्याची मुदत वारंवार पुढे ढकलली गेली.

दोन इंजिनांच्या विमानाला समुद्र ओलांडण्याची मुभा सहजी मिळालेली नाही. एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या एकाच इंजिनावर साठ मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे, असा जुना हुकूम होता. 1985 साली ही मर्यादा एकशेवीस मिनिटांवर गेली आणि पुढे वाढत राहिली. ही सवलत इंजिनांच्या भरवशावर आहे तितकीच दुरुस्तीच्या दप्तरावरही आहे. एकाच कारागिराने एकाच खेपेत दोन्ही इंजिनांवर तेच काम करू नये, असा त्यातला एक दंडक आहे. कारण एखादे झाकण बसविताना त्याच्या हातून चूक झालीच तर तीच चूक दुसऱ्या बाजूलाही होऊन दोन्ही इंजिने महासागरावर एकदम दगा देतील. (जून 2025 मध्ये अहमदाबादेस झालेल्या 787 ड्रीमलायनरच्या भीषण अपघाताचे कारण ठरविणे हे तपासयंत्रणेचे काम आहे, वर्तमानपत्राचे नव्हे, म्हणून त्याचा आधार मी येथे घेत नाही.)

वरून निघून जाणाऱ्या विमानाकडून मध्यावरच्या गावाला काही मिळत नाही. दुरुस्तीसाठी उतरून आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये उभे राहणारे विमान मात्र कामही देते आणि विद्याही. ती सोय आपल्याकडे आहे. एअर इंडियाच्या विमानखरेदीच्या करारान्वये बोइंगने मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र बांधून दिले, ते 2015 मध्ये कार्यान्वित झाले. 787 च्या तळाच्या तुळयाही नागपूरच्या टाटा कारखान्यात बनल्या. परंतु विमान कंपनी टाटांकडे गेली, दुरुस्तीची कंपनी सरकारकडेच राहिली, आणि एअर इंडियाने आपले नवे दुरुस्तीकेंद्र बेंगळुरूस उभारण्याचे ठरविले. या घटनेवर विदर्भात जेवढा गहजब व्हायला हवा होता, तेवढा झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याकडे नवा विमानतळ व्हावा म्हणून अर्जविनंत्या चालतात. तो कधीकाळी होईलही. परंतु ज्या भूमीवर वाघाचा वावर आणि वनखात्याची हद्द आहे, तेथे धावपट्टीच्या मंजुरीसाठी खर्ची पडणारी शक्ती आधी नागपूरच्या हँगरकडे वळवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घुग्घुसच्या खाणीतला फिटर डंपरचे इंजिन उतरविताना प्रत्येक नट क्रमाने मांडून ठेवतो आणि पाळी सुटण्यापूर्वी लॉगबुकात नोंद करून सही ठोकतो. विमानदुरुस्तीच्या शिस्तीची ही पहिली इयत्ता त्याच्या मुलाने घरातच पाहिलेली असते. त्याला नागरी उड्डाण महासंचालनालयाचा परवाना मिळविण्याचा मार्ग माहीत नसतो आणि त्या शिक्षणाचे शुल्क त्याच्या बापाच्या आवाक्याबाहेरचे असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दरसाल काही मुले मिहानमध्ये उमेदवारीला घ्यावीत आणि त्यांच्या परवान्याचा खर्च खनिज विकास निधीतून उचलावा, ही मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात मांडावी. असे तयार झालेले कारागीर उद्या बेंगळुरूला निघून जातील अशी शंका काढली जाईल. काही जातीलही, पण परवाना हँगरच्या नावाने नव्हे तर माणसाच्या नावाने निघतो, आणि तो असणारी माणसे या दोन जिल्ह्यांत आज शोधावी लागतात.