बाईचा पगार सुनेच्याच पगारातून का वजा होतो?




नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर धुणीभांडी आणि केर-लादीला बाई लावावी की नाही, यावर आमच्या पेण तालुक्यात घरोघर वाद होतात. जिते, हमरापूर, खारपाडा इथली तरुण मंडळी रसायनी, पनवेल, डोलवी अशा ठिकाणी कामाला जातात. मुंबईची लोकल पनवेलला संपते. पुढे आमच्या जिते स्टेशनात पनवेल-रोहा मार्गावरच्या मोजक्याच गाड्या थांबतात. गाडी चुकली की महामार्गावर एसटी किंवा मिनीडोरची वाट पाहायची. दिवसभर राबून आणि असा प्रवास करून आलेली सून पदर खोचून थेट मोरीपाशी बसते. मी अशाच एका नोकरदार सुनेची सासू आहे आणि माझं मत स्पष्ट आहे : परवडत असेल तर बाई जरूर लावावी. मात्र तिच्या पगाराचा हिशेब घराघरांत ज्या रीतीने होतो, ती रीत मोडली पाहिजे.

ती रीत अशी : सुनेला पगार इतका, त्यातून बाईचे गेले, गाडीभाडं गेलं, पाळणाघराचे गेले, मग उरलं काय? त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी! ही वजाबाकी नेहमी तिच्याच पगारातून होते. मुलाच्या पगारातून का नाही? त्याचंही ताट घासलं जातं, त्याचेही कपडे धुतले जातात. वीजबिल, गॅस, किराणा हा घरखर्च. मग भांड्यांची मजुरी तेवढी सुनेच्या नावावर का? कारण ते काम तिचंच, असं आपण धरून चाललेलो असतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, तर असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. गृहिणीच्या कामाला पैशातली किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. न्यायालय जे मानतं, ते आपल्या घरखर्चाच्या वहीत अजून उतरलेलं नाही.

‘आम्ही नाही का केलं?’ हा बाई लावण्यावरचा पहिला आक्षेप, माझ्याच पिढीचा. केलं, खरं आहे. पण तेव्हा घरात सासू होती, जावा होत्या; एक चुलीपाशी असली तर दुसरी विहिरीवर असे. आम्हाला सकाळची गाडीही गाठायची नव्हती. आमच्या कष्टाचं कौतुक झालं, पण मोल कुणी केलं नाही. तेच सुनेच्या वाट्याला यावं, हा हट्ट कशासाठी?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : आपलं काम एका गरीब बाईवर ढकलणं योग्य आहे का? माझं उत्तर असं, की अन्याय कामात नसतो, अटींत असतो. हमरापूर-जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला जाणाऱ्या बाईची हजेरी लागते, तिचं काम मोजलं जातं. अशीच एखादी बाई आपल्याकडे भांड्यांना आली, की ‘तू काय, घरच्यासारखीच’ म्हणून भाव पाडला जातो. एक खाडा झाला की पैसे कापले जातात. पाहुणे आले की काम दुप्पट होतं, पैसे मात्र तेवढेच. घरातल्या बाईचं काम फुकट धरलं की बाहेरच्या बाईला दिलेला प्रत्येक रुपया जास्तच वाटतो. म्हणून या दोघींचे प्रश्न वेगळे नाहीत.

कामवाल्या बायकांनी आपले हक्क भांडून मिळवले आहेत. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ च्या कायद्याने महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली. १८ ते ६० वयाच्या कामगारांना तिथे नोंदणी करता येते. २०२१ च्या कोरोना निर्बंधांत राज्य सरकारने दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदीत घरेलू कामगारांसाठीच. ज्यांची नोंद नव्हती, त्यांना त्या मदतीवर दावाच नव्हता. आपल्याकडे येणाऱ्या बाईची नोंद आहे का, हे किती घरांनी विचारलं?

आणखी एक गोष्ट आमच्या कमावत्या मुलांना सांगायची आहे. बाई लावली म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. तिची कामं तासाभराची. स्वयंपाक, डबे, पाणी भरणं, मुलांचा अभ्यास, आम्हा म्हाताऱ्यांची औषधं हे सगळं मागे उरतंच, आणि ते दोघांचं आहे. ज्यांना बाई परवडत नाही, त्यांच्या घरी तर कामाची वाटणी हाच एक मार्ग आहे. मुलाने भांडी घासली म्हणून आईने डोळ्यांत पाणी आणायचं कारण नाही.

तेव्हा माझी नोकरदार जोडप्यांना आणि विशेषतः माझ्या वयाच्या सासवांना विनंती आहे : बाईचा पगार घरखर्चात लिहा आणि दोघांच्या कमाईतून द्या. महिन्याच्या सुट्ट्या आधी ठरवा, त्यांचे पैसे कापू नका. दिवाळीला बोनस द्या, वर्षाला पगार वाढवा, मंडळातल्या नोंदणीसाठी सोबत जा. ऐपत असूनही सुनेला दोन पाळ्यांत राबवणं आणि कामवालीला कमी पैशांत राबवणं, यातलं काहीही काटकसर नव्हे.

– एक सासू, जिते (ता. पेण, जि. रायगड)