नरक्या: रोपे लावून भागणार नाही



‘नरक्या या झाडाची तोड गावकरी करतात, त्यांना रोपे वाटा म्हणजे प्रश्न मिटेल’, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. तोडणारा हात स्थानिक असतो, हे खरे. पण सह्याद्रीत कोणीही घरगुती औषधासाठी ट्रक भरून नरक्या तोडत नाही. या तोडीचे मूळ औषध-बाजारात आहे. 1966 साली वॉल आणि मनसुख वाणी (हे मूळचे आपल्या नंदुरबारचे) या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे ते आपल्या नरक्यातही सापडले आणि त्यापासून बनणारी कर्करोगावरील औषधे बाजारात आल्यावर या लहानशा झाडाचे दिवस फिरले. लाकडात हे द्रव्य अत्यल्प, म्हणून माल टनावारी लागतो. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडते, खरी कमाई पुढच्या साखळीत होते. गुन्हा मात्र बहुधा त्याच्यावरच नोंदवला जातो!

नुसता बुंधा तोडला तर खोडाला फुटवे येतात. मुळांत द्रव्य जास्त, म्हणून मुळेही उपटली की फुटव्याचा प्रश्नच उरत नाही. फळे धरणारी मोठी झाडेच आधी जातात, मग बी पडणार कुठून? रोपे जरूर लावावीत, पण एकाच रोपवाटिकेतल्या रोपांनी आंबोलीपासून महाबळेश्वरपर्यंतच्या झाडांमधले वैविध्य कसे भरून निघेल? त्याआधी माल विकत घेणाऱ्या कारखान्याला तो कुठल्या रानातून आला, हे सिद्ध करायला लावा. वाटेतल्या नाक्यांवरची तपासणी त्यानंतर.

– एक वाचक, सावंतवाडी