पाणी घालूनही घरातली झाडं का मरतात? आधी कुंडीतली माती पाहा

वाशीम : उन्हाळा लागला की घरातला मनी प्लांट पिवळा पडतो. तहान लागली असेल म्हणून आपण आणखी पाणी घालतो. अनेकदा झाड त्यानेच मरतं.

कारण काय?

मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा, अरेका पाम मादागास्करचा. दोघांनाही दमट हवा लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी पडते आणि पानांच्या कडा करपतात. कुंडीत पाणी ओतून हे थांबत नाही.

त्यात कुंडीत भरलेली असते शेतातली काळी माती. ती ओल धरून ठेवते, म्हणून कपाशी-सोयाबीनला चांगली. कुंडीत मात्र त्याच ओलीमुळे मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

काय करावं?

• काळी माती चौथा हिस्साच घ्या. बाकी कोकोपीट, जाड रेती आणि गांडूळखत समप्रमाणात. कुंडीच्या तळाला छिद्र हवंच.
• बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या.
• कुंड्या एकमेकींजवळ ठेवा. दुपारचं ऊन आणि कूलरचा थेट झोत टाळा.
• मनी प्लांटचं पान चावल्यास तोंडाची आग होते. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ते झाड कुजवण्यात घालवणं आपल्याला परवडणारं नाही.