पाय सुजले म्हणून लघवीची गोळी?

बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाल्यावर घोट्याशी सूज आली की दोन सल्ले हमखास मिळतात. शेजारचे म्हणतात, ‘किडनी गेली, गोळी बंद करा.’ आणि आमच्यातलेच काही डॉक्टर लघवी वाढवणारी आणखी एक गोळी लिहून देतात. दोन्ही चूक, पण दुसऱ्याचा मला जास्त राग येतो.

रक्तवाहिनीच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात. त्यांच्या पेशींवर कॅल्शियम आत शिरण्याची बारीक दारे असतात. कॅल्शियम शिरले की स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते, बीपी चढते. अ‍ॅम्लोडिपिन यातली बरीच दारे बंद ठेवते. (हाडांतले कॅल्शियम त्याने कमी होत नाही, तरी हा प्रश्न येतोच.)

मात्र सैल होतात त्या मुख्यतः लहान धमन्या. शिरा जवळपास तशाच राहतात. नळ मोठा सोडला, मोरीचे तोंड तेवढेच! मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी घोट्याशी झिरपते. शरीरात पाणी वाढलेले नसते, त्याने जागा बदललेली असते. मग ते लघवीवाटे काढून काय साधणार? सूज बहुधा तशीच राहते. सोडियम-पोटॅशियम मात्र घसरू शकते आणि आजोबांच्या बाथरूमच्या खेपा वाढतात.

तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा: १० मिलिग्रॅमची ५ करता येईल का? शिराही सैल करणारी टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडता येईल का? एकाच पायाला सूज असेल किंवा दम लागत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. मनाने गोळी सोडू नका. बीपी काही दिवसांत पुन्हा चढते आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही.