परत केलेले मोबाईल काय सांगतात?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल शासनालाच परत केले. ‘बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही’ असा निर्वाळा देणारे शहाणे तेव्हाही होते, आजही आहेत.

हा निर्वाळा साफ खोटा आहे. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली आणि तिचा सारा हिशेब सेविकेच्या हातांनी लिहिला गेला. अकरा-अकरा नोंदवह्या तिने भरल्या. २०१८ च्या पोषण अभियानाबरोबर ‘कॅस’ ही संगणकीय प्रणाली आली. तीही ती शिकली. हात बसला, काम मार्गी लागले आणि १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने तिच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ ही सर्वस्वी नवी प्रणाली आणून बसवली. मोबाईल मात्र तेच जुने, तुटपुंज्या क्षमतेचे. ॲपची भाषा इंग्रजी. मोबाईलमध्ये ते चालेना, तर सेविकेने स्वतःच्या पैशाने घेतलेला मोबाईल वापरावा, अशी अपेक्षा! तिने नाकारले ते तंत्रज्ञान नव्हे; आपले शिकलेले कौशल्य एका फर्मानाने रद्दी ठरवण्याचा अधिकार तिने नाकारला.

पुढे मराठीसह अनेक भाषा त्या ॲपमध्ये आल्या. म्हणजे हे पहिल्या दिवशीही अशक्य नव्हते. ज्यांना ते वापरायचे होते त्यांना विचारण्याची गरज दिल्लीला वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गिरणी कामगारांच्या इतिहासाला हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या मालकांनी विणकराच्या माथी दोनऐवजी तीन साचे मारण्याचा घाट घातला, तेव्हा कामगारांनी सहा महिने गिरण्या बंद ठेवल्या. त्यांचे वैर साच्याशी नव्हते. सुधारणेचा लाभ मालकाला आणि भार कामगाराला, या वाटणीशी होते. आज मालकाच्या जागी सरकार आहे आणि साच्याच्या जागी पडदा. वाटणी तीच राहिली आहे. बदलाच्या काळातले जादा श्रम, चुकांचा ठपका आणि लाभार्थ्यांचा रोष हे सारे सेविकेच्या पदरी, आकड्यांचे श्रेय वरिष्ठांच्या पदरी. ज्या सेविकेला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले, तिच्या कष्टाला सरकार अजूनही ‘मानधन’ म्हणते.

आता १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा यंत्राने ओळखण्याची सक्ती आली आहे. सोलापूरच्या पूर्व भागात डोळ्यांसमोर आणून पाहावे. विडी वळणारी गरोदर बाई, घरची बोली तेलुगू, घरात एकच मोबाईल आणि तो घेऊन नवरा यंत्रमागाच्या पाळीला गेलेला. पडताळणीचा आकडा त्या मोबाईलवर येणार. सेविका या बाईला नावानिशी ओळखते, पण तिची ओळख आता पुरावा नाही. चोरी रोखायची म्हणून हे केले, असे सरकार सांगते. चोरी रोखलीच पाहिजे. परंतु ठेक्यांत आणि गोदामांत होणाऱ्या चोरीची झडती गरोदर बाईच्या चेहऱ्यावर घेणे हा कोणता न्याय?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. नवी प्रणाली आणण्यापूर्वी सेविकांच्या संघटनांशी चर्चा व्हावी आणि प्रत्यक्ष अंगणवाड्यांत तिची चाचणी व्हावी. नवी नीट चालेपर्यंत जुनी बंद करू नये. मोबाईल आणि इंटरनेटचा पूर्ण खर्च सरकारने द्यावा, प्रशिक्षण कामाच्या वेळेत व्हावे. यंत्र अडले म्हणून एकाही मुलाचा, एकाही मातेचा आहार अडू नये आणि कुणाच्याही मानधनाला कात्री लागू नये.

हा लढा एकट्या सेविकांचा समजणे ही कार्यकर्त्यांची मोठी चूक ठरेल. आहार अडतो तो विडी कामगाराच्या आणि यंत्रमाग कामगाराच्या घरी. तेव्हा त्यांच्या संघटनांनी अंगणवाडीच्या दारात उभे राहिले पाहिजे. परत केलेल्या मोबाईलचा अर्थ वस्तीवस्तीत जाऊन सांगणे हे आजचे काम आहे.