आडवी बाटली आणि माझा पेला

मैत्रिणींनो, पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत जाऊन मी बिअर प्यायले. तीन छोटे पेले: गव्हाची, किंचित केळ्याच्या वासाची, हॉप्सची कडू, आणि भाजलेल्या सातूची काळी, कॉफीसारखी. काळी आवडली. वेटरने पेले मित्रापुढे मांडले, बिलही त्याच्याचपुढे ठेवलं. पैसे मी दिले. (ते परवडतात ही माझ्या वर्गाची सोय, हे कळतं मला.)

संघटनेतल्याच एकीने विचारलं, "आडव्या बाटलीसाठी मतं मागणारी तू, आणि हे?"

आपण बाटली आडवी केली ती दारू पाप म्हणून? बाईची मजुरी गुत्त्यावर जात होती, रात्रीचा मार तिलाच बसत होता, आणि दुकानाला परवाना देताना तिला कुणी विचारलं नव्हतं. भांडण ते होतं. 'चांगल्या घरच्या बायका पीत नाहीत' हे आपलं म्हणणं कधी झालं? २००९ साली मंगळूरच्या पबमध्ये घुसून मुलींना मारणाऱ्यांनी संस्कृतीचंच नाव घेतलं होतं. त्यांची भाषा आपल्या बैठकीत कशाला?

महाराष्ट्रात पिण्याचा परवाना बाईलाही मिळतो. माझ्याकडे आहे. आणि पुढच्या आठवड्यात वस्तीत आडव्या बाटलीच्या सह्यांना मी येणार आहे.