विसरलेल्या अन्नाचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर घराची साफसफाई निघाली की, माळ्यावरच्या अडगळीपेक्षाही अधिक अस्वस्थ करणारे दर्शन घडते ते स्वयंपाकघरात. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातून एकेक डबी बाहेर येऊ लागते. कधीची तरी अर्धी वाटी उसळ, बुरशी धरलेली खोबऱ्याची चटणी, हॉटेलातून बांधून आणलेली आणि पुन्हा कधीच न उघडलेली भाजी. फडताळातल्या रव्याला जाळी लागलेली असते, तांदळात सोंडे फिरत असतात. सारे निमूटपणे कचऱ्याच्या बादलीत जाते, ‘राहूनच गेले’ असे कोणीतरी पुटपुटते आणि विषय संपतो. वस्तुतः विषय तेथून सुरू व्हायला हवा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के वाटा हॉटेलांचा वा दुकानांचा नाही, तर घरांचा आहे. भारतीय घरांसाठी हा अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलो आहे. त्यात साली, देठ, कोयी हेही धरलेले आहेत, हे खरे. तरीही चौघांच्या कुटुंबामागे २२० किलो हा आकडा विचार करायला लावणारा आहे. मंगल कार्यालयातील पंगतींच्या नासाडीवर आपण तावातावाने बोलतो. पण रोज वाटी-वाटीने होणाऱ्या या नासाडीला ना साक्षीदार असतो, ना कोणी जाब विचारणारा.

हे ज्या देशात घडते, त्याची स्मृती फार जुनी नाही. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य कुटुंबांनी ते मनोभावे पाळले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरचा लाल मिलो खाल्ला, दुष्काळी कामांवर सुकडी खाऊन दिवस काढले. ते दिवस पाहिलेली माणसे आजही आपल्या घरांत आहेत. त्यांच्या हातून अन्न टाकवत नाही, यात नवल ते काय?

मात्र येथेच एका गोष्टीचा स्पष्ट विचार व्हायला हवा. ‘अन्न टाकू नये’ या संस्काराची किंमत घरात नेमके कोण मोजते? सर्वांना ताजे वाढून आदल्या दिवशीचे स्वतःच्या पानात घेणारी आई, किंवा ‘वरची बुरशी काढली की झाले’ म्हणणारी आजी. आपण त्याला त्याग म्हणून गौरवतो आणि निश्चिंत होतो. हा गौरव नव्हे, ही सोयीची डोळेझाक आहे.

मऊ पदार्थावरची बुरशी दिसते तेवढीच नसते. तिचे तंतू आत खोलवर गेलेले असतात. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक ठरणारे विष तयार होऊ शकते आणि ते घरगुती भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. उरलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला, तर शिजवूनही टिकून राहिलेल्या जिवाणूबीजांपासून जिवाणू वाढून असे विष तयार होऊ शकते की, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. नासलेले अन्न पोटात घातल्याने ते वाचत नाही. फक्त बादलीऐवजी माणसाच्या शरीरात जाते. संस्कार पाळायचा तो अन्न नासण्यापूर्वी. नासल्यावर उरते ते केवळ प्रायश्चित्त, आणि तेही भलत्याच व्यक्तीच्या वाट्याला आलेले.

पूर्वी फडताळात किंवा शिंक्यावर अन्न फार काळ टिकत नसे. म्हणूनच त्याचा निकाल तातडीने लावला जाई. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी मिळे, पोळ्यांचा कुस्करा होई. वर्षाच्या धान्याला ऊन दाखवले जाई, डाळीला एरंडेल चोळले जाई. फ्रीजने मुदत वाढवली, पण त्याबरोबर विसरण्याचीही सोय करून दिली. थंडीमुळे नासण्याची गती मंदावते, थांबत नाही, एवढी साधी गोष्ट आपण ध्यानात घेतली नाही. सवलतीच्या मोहाने आणलेली दुप्पट पाकिटे आणि ‘असू दे, लागेल’ ही वृत्ती यांनी उरलेली कसर भरून काढली.

जुन्या घरातला तो हिशेब एका गृहिणीच्या डोक्यात असे. आज ती नोकरीसाठी सकाळी घराबाहेर पडते, तरी हिशेब तिच्याच माथी आणि डबी नासली की दोषही तिचाच, हा न्याय कोणता? जे घर एकत्र जेवते, त्या घराने हिशेबही एकत्र ठेवावा.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, शक्यतो पारदर्शक डब्यात ठेवावे. डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी. जुने पुढे, नवे मागे, हा दुकानदाराचा नियम पाळावा. आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठरवावी की, त्या दिवशी नवी भाजी आणायची नाही. घरात आहे त्यातूनच सर्वांनी मिळून स्वयंपाक करायचा. फ्रीज उघडून यादी वाचण्याचे काम मुलांकडे द्यावे. आणि जे खरोखर नासले आहे, ते आजीच्या पानात जाण्यापूर्वी घरातील कर्त्या पुरुषाने स्वतःच्या हाताने टाकावे. ते टाकताना हाताला जे जाणवेल, तेच पुढच्या खरेदीच्या वेळी आठवेल.

शेतकऱ्याच्या घामाविषयी आपण सभांतून आदराने बोलतो. त्या आदराची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात होते.